हजेरीपटावरचे ‘गै’

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात राहते. समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले असून वर्षभरापासून गावाजवळच्या शाळेत तासिका तत्त्वावर सहावी-सातवीला शिकवते. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की सातवीच्या निम्म्या मुली वर्गात दिसत नाहीत. आम्ही हजेरीपटावर ‘गै’ मांडतो आणि पुढच्या धड्याला लागतो. हे असे का होते, याचाच अभ्यास करावा असे मला वाटते. घरचे म्हणतात, आधी बी.एड. करून घे. सामाजिक शास्त्रांच्या अंगाने शिक्षणाचे एम.ए. करता येते असे ऐकले. त्याला बी.एड. लागते का, आणि पुढे त्याचा उपयोग काय?
— एक वाचक भगिनी

उत्तर : एम.एड.ला बी.एड. लागते, तशी अट या एम.ए.ला सहसा नसते. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ येथील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो. चालू वर्षाचे माहितीपत्रक मात्र आधी पाहावे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील झाकिर हुसेन शिक्षण अभ्यास केंद्र तर सामाजिक शास्त्रांच्या विभागातच आहे आणि तेथे इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व मानसशास्त्र अशा चार वाटांनी शिक्षणाकडे पाहिले जाते. (ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेने नई तालीमच्या, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या योजनेच्या, आराखड्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच झाकिर हुसेन. तेव्हा ही विद्या तुमच्या मुलखाला अगदीच परकी नाही.)

बी.एड.मध्ये पाठ कसा घ्यावा हे प्रामुख्याने शिकवतात. तुमचा प्रश्न पाठाचा नाही, रिकाम्या बाकाचा आहे. निंदणाची, म्हणजे तण काढण्याची, मजुरी रोजावर असते, त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलीला पूर्ण रोज देऊन सहसा कोणी लावत नाही. वेचणीची मजुरी मात्र किलोवर असते आणि मुलीने ओटीत गोळा केलेला कापूस संध्याकाळी काट्यावर आईच्याच गाठोड्यात मोजला जातो. मुलीचे नाव मजुरीच्या वहीत येत नाही आणि शाळेच्या पटावर येते ते ‘गै’सह. शाळेत आपण ‘पालकांची अनास्था’ म्हणून मोकळे होतो, पण तिच्या मुळाशी मजुरी मोजण्याची रीत असू शकते. हे झाले अर्थशास्त्र. त्याच घरातला मुलगा त्या दिवशी वर्गात कसा असतो, आणि आई-ताई शेतात गेल्यावर धाकट्याला कोण सांभाळते, हे विचारले की समाजशास्त्राच्या बांधावर पाय पडतो. निंदणाच्या दिवसांत याच मुली नियमित येत होत्या का, हे तुम्ही जुलै-ऑगस्टच्या पटावरून आजच ताडून पाहू शकता. येत नसतील, तर माझा हा तर्क चुकला असे समजावे आणि दुसरे कारण शोधावे. या अभ्यासाची पद्धत हीच आहे.

इतिहासाची वाट तर आपल्या घरातूनच जाते. १८८२ साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी, सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हे मांडून किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली होती. १ एप्रिल २०१० पासून कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे. तुमच्या सातवीतल्या मुली त्यातच येतात, तरीही बाक रिकामा राहतो.

आता पोटापाण्याचे. केवळ या एम.ए.वर शाळेत शिक्षकाची नोकरी मिळत नाही. सहावी ते आठवीसाठी पदवीबरोबर बी.एड. किंवा डी.एल.एड. (पूर्वीचे डी.एड.) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) हवी. पहिली ते पाचवीला तर ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड.ही चालत नाही, डी.एल.एड.च लागते. एम.ए.नंतरच्या वाटा म्हणजे शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्था, पाठ्यसाहित्य निर्मिती, संशोधन आणि, एम.ए.ला ५५ टक्के गुण असून नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यास, प्राध्यापकी. शिक्षणशास्त्र महाविद्यालयात शिकवायचे असल्यास तेथेही बी.एड. किंवा एम.एड.ची अट आडवी येते. त्यामुळे घर तुमच्या मानधनावर टेकलेले असेल, तर घरच्यांचे ऐकून बी.एड. आधी करावे, असे मी म्हणेन. वेचणी दरवर्षी येते; दोन वर्षांनी प्रश्न शिळा होणार नाही. घरची तशी ओढाताण नसेल, तर एम.ए.साठी थांबू नका.

वाचन बहुतेक इंग्रजीत असते आणि पहिले सत्र जड जाते, हे धरूनच चालावे. अर्जासोबत मनोगत मागतात. त्यात ‘समाजसेवेची आवड’ लिहिण्याऐवजी तुमच्या हजेरीपटाविषयी लिहा. त्यासाठी येत्या हंगामात एक वही घाला : तारीख, किती मुली आल्या नाहीत, त्या दिवशी वेचणीचा भाव काय होता, आणि न आलेल्यांपैकी किती शेतात व किती घरी होत्या. मुलींची नावे मात्र त्या वहीत लिहू नका. गाव लहान असते.