‘तू ठरवशील तिथे जाऊ’

‘सहलीचं ठरवायला बसलो की आमचं वाजतं’ ही तक्रार समुपदेशक म्हणून इतक्या जोडप्यांकडून ऐकली आहे की पुढचं वाक्य आता ओळखता येतं. एकजण बेत आखतो, दुसरा ‘तू ठरवशील तिथे’ म्हणतो आणि तिथे पोचल्यावर तोंड पाडून बसतो.

फिलिपिन्समध्ये, मनिलात नोकरी करणारं हे मराठी जोडपं (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) मार्चमध्ये पालावान बेटावरच्या पोर्ट बार्टनला निघालं होतं. मासेमारांचं शांत गाव, मुक्काम ३ रात्री. तिच्याकडे तासातासाचा तक्ता तयार होता. त्याचं मत विचारलं.

“माझं काही नाही. तिला आवडेल ते.”

“मग बोराकाय बेटावर दोन दिवस बोलला का नाहीस?” तिनं विचारलं.

“गर्दी होती.”

“आधी सांगायचंस ना!”

मी त्याला विचारलं, “आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं?”

बराच वेळ गेला. “मी सुचवलेलं बिघडलं असतं, तर खापर माझ्यावर फुटलं असतं.”

ती ताडकन म्हणाली, “माझ्यावर दर वेळी फुटतं, त्याचं काय?”

मी याच क्षणाची वाट बघत होते. ‘तू ठरव’ हा पुष्कळदा स्वतःपुरता उतरवलेला विमा असतो आणि हप्ते जोडीदार भरतो. माझ्या मते असा दोष कुणा एकाच्या स्वभावात शोधू नये. तो दोघांच्या वाटणीत असतो. म्हणून मी तक्ता बाजूला ठेवायला लावला आणि बिघडू शकेल अशा गोष्टींची यादी दोघांकडून एकत्र करून घेतली.

यादीनं बेतच बदलला. मनिलाहून पालावानच्या मुख्य शहरापर्यंत, पुएर्तो प्रिन्सेसापर्यंत विमान सुमारे दीड तास, पुढे व्हॅन साधारण ३ तास. विमानतळावरचा वेळ धरला तर जाण्याचा आणि येण्याचा दिवस प्रवासातच संपतो. उरतात दोन. त्यात पालावानच्या उत्तर टोकाचं एल निडो कोंबलं तर एक दिवस व्हॅनमध्येच जाईल, म्हणून ते तिनं स्वतःच खोडलं. वारा वाढला की तटरक्षक दल होड्या बंद करतं. म्हणून बेटांची फेरी पहिल्या पूर्ण दिवशी, म्हणजे हुकली तर दुसरा दिवस हाताशी राहतो. पेसो पुएर्तो प्रिन्सेसातच काढून घ्यायचे, गावात एटीएमच्या भरवशावर राहायचं नाही. ती शाकाहारी, तिथल्या भाजीतही बागुओंग (कोळंबी आंबवून केलेलं वाटण) किंवा पातिस (माशाचा खारट रस) असतं, तेव्हा ऑर्डर देतानाच विचारायचं. हे काम त्यानं आपणहून घेतलं. तारखा पवित्र सप्ताहाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्याच्या, आधीच्या, कारण त्या आठवड्यात सगळा देश सुटीवर असतो. जूननंतर तर नकोच: गाव पश्चिम किनाऱ्यावर आहे, हाबागात म्हणजे नैऋत्य मोसमी वारा थेट अंगावर येतो.

तुम्हीही बसाल तेव्हा खर्चाची मर्यादा, प्रवासाचे तास आणि प्रत्येकाची एक न सोडायची गोष्ट एवढंच मिळून ठरवा. बाकीचं वाटून घ्या आणि ज्याच्या वाट्याचं बिघडेल त्याला तिथे असेपर्यंत जाब विचारू नका. ‘काहीही चालेल’ हे उत्तर चालवून घेऊ नका; निदान ‘काय चालणार नाही’ हे तरी वदवून घ्या.

होडीची फेरी पहिल्या दिवशी खरंच रद्द झाली, दुसऱ्या दिवशी झाली. पुण्यातल्या फ्लॅटचा विषय निघाला की तो अजून ‘तू ठरव’ म्हणतो. त्यावर सध्या आमचं काम चालू आहे.