फुरसुंगीची भिंत रंगवण्याआधी

प्रदूषणावरच्या भित्तिचित्राचं तुझं स्केच पाहिलं. मास्क घातलेली पृथ्वी कुठल्याही शहरात खपेल, म्हणूनच इथे नको. फुरसुंगी-उरुळी देवाचीत वर्षानुवर्षं पुण्याचा कचरा पडला, ढिगाऱ्यातून झिरपलेल्या काळ्या पाण्याने विहिरी नासल्या. कचरा आपला, वास त्यांना. चित्रात हे दिसू दे. आधी तिथल्या बायकांशी बोल, कच्चं चित्र त्यांनाच दाखव. नाक मुरडलं तर बदल, वाद घालू नकोस.

हवेचं प्रदूषण दाखवायला भोसरी एमआयडीसीलगतच्या गच्चीवर आणि तुझ्या कोथरूडच्या बाल्कनीत एकाच ताग्यातलं पांढरं सुती कापड एकाच दिवशी टांग. महिनाभराने दोन्ही शेजारी लाव, जागा आणि तारीख लिहून. पावसाळ्यात हा खटाटोप फुकट. थंडीत कर, तेव्हा धूर खालीच साचून राहतो. पण मळलेलं कापड म्हणजे मोजमाप नव्हे. पीएम २.५ चे, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसतच नाहीत, म्हणून पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने उभारलेल्या 'सफर' या हवा मोजणाऱ्या यंत्रणेवरचे त्या दिवसांचे आकडे सोबत मांड.

आळंदीला इंद्रायणीवरचा फेस मात्र जपून. सांडपाणी आणि कारखान्यांची रसायनं यांचा तो फेस फोटोत फार देखणा दिसतो, बर्फ पडल्यासारखा. हीच तर पंचाईत! त्यात स्नान करणारा वारकरी असेल तरच फोटो काढ, तोही त्याला विचारून. पाण्याचा नमुना घेताना हातमोजे हवेतच.

आणि भिंतमालकाची परवानगी लेखी घे. तोंडी 'हो' रंग वाळेपर्यंतच टिकतो.