लँकेस्टरला नदीजवळ घर घेतलंय, हिवाळी वादळासाठी वाळूच्या गोण्या किती आणून ठेवू?

तुमचा प्रश्न वाचला. इंग्लंडमधल्या लँकेस्टरला ल्यून नदीपासून दोन गल्ल्या आत भाड्याचं घर, इथला पहिलाच हिवाळा, घरात लहान मूल, आणि वादळ आलं तर वाळूच्या गोण्या किती लागतील. गोण्यांचं सांगते. पण आधी मला सांगा, तुमच्याकडे शेगडी कसली आहे? गॅसची की इंडक्शन?

विषय बदलत नाहीये. डिसेंबर २०१५ च्या डेस्मंड वादळात आमच्या घरात पाण्याचा थेंब आला नाही. आम्ही टेकडीवर राहतो, नदी इथून दिसतही नाही. तरी त्या शनिवार-रविवारनंतर आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. माझं म्हणणं तेव्हापासून एकच आहे: पाणी घरात शिरतं मोजक्या लोकांच्या, वीज जाते अख्ख्या गावाची. तयारी विजेची करा.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आम्ही स्वयंपाकघर नवं केलं. माझे दीर रेडिंगला असतात, आयटीत आहेत, आणि दुसऱ्याच्या घरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल त्यांचं मत तयार असतं. गॅस काढा, इंडक्शन बसवा. वायरचा फोन कशाला, मोबाइल आहेत ना सगळ्यांकडे. वहिनी, साबुदाण्याच्या डब्यात नोटा काय ठेवता, ही सांगली नाही. भावाने भावाचं ऐकलं. गॅस गेला, फोन गेला. डब्याला तेवढा मी हात लावू दिला नाही.

आणि योग बघा, डेस्मंड आलं तेव्हा भाऊजी सहकुटुंब आमच्याकडेच मुक्कामाला. ५ डिसेंबर, शनिवार. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हॉनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला, हा ब्रिटनमधला विक्रम. कोकणातल्या माणसाला जुलैत या आकड्याचं काही वाटणार नाही, पण इथल्या नद्या आणि गटारं त्या मापाची नाहीत, आणि नोव्हेंबरच्या पावसाने जमीन आधीच भिजून गच्च होती. रात्री पावणेअकराच्या सुमारास दिवे गेले. केटन रोडच्या वीज उपकेंद्राला पुरापासून संरक्षण केलेलं होतं, ल्यूनचं पाणी त्यालाही पुरून उरलं. सुमारे ६१ हजार घरं-दुकानं एका फटक्यात अंधारात.

भाऊजी म्हणाले, तासाभरात येईल. झोपलो.

सकाळी घर थंडगार. सेंट्रल हीटिंग गॅसवर चालतं हे खरं, पण बॉयलर पेटायला आणि पंप फिरायला वीजच लागते. शॉवर इलेक्ट्रिक. इंडक्शनची काळी काच नुसती बघत बसायची, त्यावर चहासुद्धा होईना. रात्रीतच मोबाइलची रेंज गेली, कारण टॉवरच्या बॅटऱ्या फार तर काही तास टिकतात. भाऊजींनी गाडीत बसून फोन चार्ज केला आणि मग तो भरलेला फोन हातात घेऊन रस्त्यावर रेंज शोधत फिरले. परत जावं म्हटलं तर गाडीत पेट्रोल कमी, आणि पंपालाही वीज लागतेच. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मेणबत्ती लावून दुकान उघडलं होतं, पण कार्डाचं यंत्र बंद, फक्त रोख. खिशात चार कार्डं असलेला माणूस दूध-पाव घेतल्याशिवाय परत आला. मी काही बोलले नाही. साबुदाण्याचा डबा काढला, त्यातले वीस पौंड त्यांच्या हातावर ठेवले.

जेवण झालं ते शेजारच्या आजीबाईंमुळे. त्यांच्याकडे जुनी गॅसची शेगडी, काड्यापेटी, कोळशाची शेकोटी आणि भिंतीला वायरने लावलेला फोन. तो फोन चालू होता! मी तांदूळ, मूगडाळ आणि माझा मिसळणाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि मोठं पातेलंभर खिचडी केली. आजीबाईंनी त्यावर ब्राउन सॉस घालून खाल्ली, ते जाऊ द्या. भाऊजी दोन्ही घरांमध्ये गरम पाण्याच्या किटल्या वाहत होते. दुपारी चारला इथे अंधार पडतो, तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या शेकोटीपुढे. बातम्या कळत होत्या त्या गाडीच्या रेडिओवर, कारण इथलं स्थानिक एफएम केंद्र जनरेटरवर चालू होतं. रेडिओ ही भंगारात काढायची वस्तू, असंही भाऊजींचं एक मत होतं.

सोमवारी काही भागात वीज आली, दुपारनंतर पुन्हा गेली. बाहेरून मोठमोठे डिझेल जनरेटर आणून हळूहळू गाव उजळलं. विद्यापीठाने सत्र लवकर गुंडाळून मुलांना घरी पाठवलं. शाळा बंद आहेत हे पालकांना कळवायचं तर कळवणार कसं, फोन आणि इंटरनेट दोन्ही बंद, त्यामुळे काही जण मुलांना घेऊन फाटकापर्यंत जाऊन आले.

भाऊजींचं अजूनही म्हणणं, लँकेस्टर हा अपवाद होता, असं पुन्हा होत नाही. मग नोव्हेंबर २०२१ चं आर्वेन वादळ काय होतं? वारा उत्तरेकडून आला, इथली झाडं पश्चिमेच्या वाऱ्याला सरावलेली, ती धडाधड आडवी झाली. नॉर्थंबरलंडमध्ये ताशी ९८ मैलांचा झोत नोंदवला गेला. दहा लाखांच्या आसपास घरांची वीज गेली, आणि त्यांतली सुमारे चार हजार आठवड्याहून जास्त अंधारात होती. त्यात पुराचा संबंधही नव्हता. दिवाळीच्या फोनवर मी हे सांगितलं तर म्हणतात, वहिनी, तुम्ही खेड्यांबद्दल बोलताय.

तर तुम्ही काय करायचं? इंडक्शन असेल तर कॅम्पिंगचा छोटा गॅस आणि दोन जादा डबे घ्या. बॅटरीचा रेडिओ, डोक्याला लावायचा टॉर्च, पॉवर बँक. बाळाचं दूध गरम करायला थर्मास रात्रीच भरून ठेवा. रोख रक्कम घरात ठेवा, पाच-दहाच्या नोटांत, सुटे देणारं कुणी नसतं. फ्रीझर उघडू नका, भरलेला असेल तर दोन दिवस टिकतो. वीज गेली की १०५ हा फोन नंबर लावायचा, फुकट आहे. पाच वर्षांखालचं मूल असेल तर वीज कंपनीच्या प्राधान्य यादीत नाव घालता येतं, आजच घाला. वाऱ्यासाठी एवढंच: कचऱ्याचे डबे, बागेतल्या खुर्च्या आणि मुलांचं ट्रॅम्पोलिन बांधा किंवा आत घ्या. इथे ट्रॅम्पोलिन उडून लोकांच्या छपरावर जातात.

कॅम्पिंगचा गॅस आणि बार्बेक्यू बंद खोलीत अजिबात पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणूस जातो. गॅस मागच्या दारात, उघड्यावर. आणि भाऊजींना एक गुण द्यावा लागेल: आजीबाईंसारखा वायरचा फोन आता कामाचा नाही. जुन्या तांब्याच्या लाइनी २०२७ च्या जानेवारीपर्यंत बंद होतायत, फोन इंटरनेटवर गेला की वीज गेल्यावर तोही गप्प. मात्र रोखीचा आणि शेगडीचा गुण मी देणार नाही.

हो, आणि मी टेकडीवरची, तुम्ही नदीकाठचे. तुमच्याकडे पाणी खरंच येऊ शकतं, तेव्हा गोण्या. एका दाराला किमान सहा लागतात, तेही वीतभर पाण्यापुरत्या. नगरपालिका देईलच असं नाही, द्यायचं तिच्यावर बंधन नाही. पाणी फक्त दारातून येत नाही, भिंतीतल्या हवेच्या जाळीच्या विटांतून आणि संडासातून वर येतं. जाळ्यांना झाकणं मिळतात, ती घरमालकाकडे मागा. सांगलीला आपण कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलाची पातळी बघत दोन दिवस सामान हलवतो, तसा वेळ इथे मिळत नाही. ल्यून लहान नदी, काही तासांत चढते, आणि लँकेस्टरपाशी भरतीचं पाणीही उलटं येतं. सरकारी पूर-सूचना मोबाइलवर सुरू करून घ्या, आणि पिवळ्या इशाऱ्यालाच पासपोर्ट, व्हिसाची कागदं, लॅपटॉप वरच्या मजल्यावर न्या. इमारतीचा विमा घरमालकाचा, सामानाचा तुमचा तुम्हाला काढावा लागतो. घर १ जानेवारी २००९ नंतर बांधलेलं असेल तर पुराच्या विम्याला स्वस्त ठेवणारी फ्लड री योजना लागू होत नाही, तेव्हा बांधकामाचं वर्ष घरमालकाला विचारा आणि मगच विमा कंपन्यांचे भाव काढा.