रात्री गव्हाला पाणी द्यायला जाताना थंडी-वाऱ्यापासून बचाव कसा करावा? जॅकेट कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातली नोकरी सोडून मोहोळकडची वडिलांची शेती बघायला आलाय, लाईट रात्रीची असते आणि गार वाऱ्यात दारं धरताना, म्हणजे पाटाचं पाणी रानात वळवताना, जीव नकोसा होतो. जॅकेटचं सांगतो, पण आधी पायांचं बघा. पाणी देणारा माणूस खालून गारठतो. गुडघ्यापर्यंत चिखल, वरून वारं. अंगात भारीतलं जॅकेट असलं तरी पँट ओली असेल तर उपयोग नाही.

हे मी ठामपणे सांगतोय कारण आमच्या घरात हे घडलंय.

सहा-सात वर्षं झाली. संक्रांत तोंडावर आली होती, सकाळी सोलापूरला सिद्धेश्वराच्या अक्षता सोहळ्याला जायचं ठरलं होतं. लाईट रात्री बाराला आली. दादा दोन एकर गव्हाला पाणी द्यायला गेला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माळकरी माणूस, वारी कधी चुकवली नाही. फोनवर 11 अंश दाखवत होतं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. 11 अंशाला काय होतंय? पण संध्याकाळपासून वारं सुटलेलं होतं आणि गव्हाचं रान उघडं. उसात माणूस आडोशाला असतो, गव्हात वारं थेट अंगावर.

दोनच्या सुमारास पाट फुटला. दादानं पाण्यात बसून, पोत्यात माती भरून तो बांधला. कमरेपर्यंत भिजला. मला फोन करून म्हणाला, "गव्हाचे चार सारे भिजवायचे राहिलेत, एवढं झालं की येतो." मी झोपलो. ते अजून मनाला लागतं.

साडेचारला जाग आली. दारातून बघितलं तर रानात बॅटरी एकाच जागी पडलेली, हलत नव्हती. पळत गेलो. दादा बांधावर बसला होता, एका पायात चप्पल नव्हती. मफलरची गाठ मारायला बघत होता आणि बोटं वळत नव्हती. दोन्ही टोकं हातात, पण गाठ काही बसेना. विचारलं तर "पाणी... तिकडं..." एवढंच, जीभ जड झालेली. अंगाला हात लावला तर कुडकुडणं थांबलेलं. मला वाटलं, बरं झालं, थंडी कमी झाली. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. भिजलेला, गारठलेला माणूस कुडकुडायचा थांबला आणि बोलणं अडखळायला लागलं, तर शरीराची ताकद संपत आलीय असं समजा. तिथून पुढं एक मिनिट घालवायचं नाही.

त्याला धरून वस्तीवर आणताना तो झोकांड्या खात होता. शेकोटीपाशी बसलेली माणसं बघून म्हणाली, माळकरी म्हणवतोय आणि घेऊन आलाय. आमचे चुलते, तात्या, आतून बाटली घेऊन आले. "दोन घोट पाज, रगात फिरंल." आई तळपाय चोळायला बसली. मी त्याचे हात शेकोटीपुढं धरले. आम्ही तिघंही चुकत होतो. वहिनी तेवढी शहाणी. तिनं विळ्यानं पँट टरकावली, ओले कपडे सगळे काढले, अंग कोरडं केलं, दोन गोधड्यांत गुंडाळलं आणि स्वतः त्याच्या छातीला बिलगून बसली. तात्यांनी पेला ओठाला लावला तेव्हा दादाला धड शुद्ध नव्हती, तरी त्यानं तोंड फिरवलं. दोनदा.

गावातल्या डॉक्टरनं काचेचा थर्मामीटर लावला, पारा वर चढेना. म्हणाले, ताप नाही. तो थर्मामीटर 35 च्या खाली दाखवतच नाही, हे नंतर सोलापूरच्या दवाखान्यात कळलं. 35 च्या खाली आतलं तापमान गेलं की जिवाला धोका सुरू होतो, दादाचं 33 होतं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, दारू पाजली का? नाही म्हटल्यावर म्हणाले, वाचला. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, गरम रक्त वर येतं, म्हणून ऊब वाटते. पण ती आतली ऊब असते आणि तीच वाऱ्यावर उडून जाते. हातपाय चोळायचेही नाहीत. आधी छाती, पोट, मान गरम करायची. माणूस नीट शुद्धीत असेल आणि गिळत असेल तरच गोड चहा, नाहीतर काहीच नाही. अंगावर घोंगडी, खाली कोरडं अंथरूण, आणि 108 ला फोन.

आता जॅकेट. ब्रँडच्या मागं लागू नका. वारं अडवणारं काहीही चालतं, स्वेटरवर साधा रेनकोट चढवला तरी. सोलापुरी चादर ही आमची शान, पण सुती आहे, भिजली की अंगातली ऊब ओढून घेते. धनगरी घोंगडी ओली झाली तरी ऊब धरते, खोळ करून डोक्यावरून घेतली की कान, मान, पाठ सगळं झाकतं. पंढरपुरात मिळते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या, आणि विहिरीजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कोरडी पँट, बनियन, मोजे पिशवीत घालून ठेवा. पाट फुटला, भिजलात, तर आधी कपडे बदला, मग बांध बघा. गव्हाचं नुकसान परवडतं.

एकट्यानं जाऊ नका. जावंच लागलं तर घरी सांगून जा की दर तासाला फोन करीन, नाही आला तर उठून या. पहाटे चार ते दिवस उगवेपर्यंत गारठा सगळ्यात जास्त असतो, नेमका त्याच वेळी माणूस थकलेला असतो.

एक सांगायचं राहिलं. कोपीत शेगडी ठेवून दार लावून झोपू नका, कोळशाच्या गॅसनं झोपेतच माणूस जातो. ओल्या हातानं स्टार्टरला हात लावू नका. आणि बीपी, हृदयाचा त्रास किंवा साठीच्या पुढचं वय असेल, तर रात्रीचं पाणी दुसऱ्याकडं द्या. तुमचे वडील जात असतील तर त्यांना आजच थांबवा.

तात्या अजून भावकीत बसले की म्हणतात, त्या रात्री थोरल्यानं घेतलीच होती, आम्ही डोळ्यांनी बघितलंय. ते हे वाचणार नाहीत. त्यांचा नातू वाचतो. बाळा, त्यांना एवढं वाचून दाखव. झोकांड्या थंडीनं जात होत्या, जीभ थंडीनं जड झाली होती, आणि पेला तुझ्या आजोबांच्या हातात होता. दादानं तोंड फिरवलं होतं.