शंका-समाधान : टनल ‘अप’ आहे, मग अडलंय कुठे?

या वेळच्या पत्रांत प्रशिक्षण संस्था चालवणारे आहेत, नुकते नेटवर्किंगच्या नोकरीला लागलेले आहेत आणि छोट्या कंपन्यांत ‘आयटीचं सगळं’ बघणारेही आहेत. बहुतेक प्रश्न व्हीपीएन टनलचे, म्हणजे दोन ठिकाणची नेटवर्क इंटरनेटवरून जोडणाऱ्या कुलूपबंद वाटेचे. ही वाट बहुधा आयपीसेक या पद्धतीने बांधतात. कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

प्रश्न : आमच्या संस्थेतली मुलं पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सिम्युलेटरवर साइट-टू-साइट (दोन ठिकाणांमधला) टनल पंधरा मिनिटांत उभा करतात. पण नोकरीवर पहिला टनल पडला की फोन आम्हालाच येतो. मुलांचे लॅपटॉप आठ जीबी रॅमचे आहेत. त्यावर खरी लॅब होईल का, आणि शिकवण्यात काय बदलावं? (प्रशिक्षक, नाशिक)

होईल, आणि रॅम उरेलही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये डेबियनची डेस्कटॉप नसलेली पाच मशिन्स करा, प्रत्येकी ५१२ एमबी. पाचांना मिळून अडीच जीबी लागतात. एका ओळीत मांडायची : डावा पीसी, डावा गेटवे, मधलं ‘इंटरनेट’, उजवा गेटवे, उजवा पीसी. दोन शेजाऱ्यांमध्ये एकेक ‘इंटर्नल नेटवर्क’. डावी लॅन १०.१०.१.०/२४, उजवी १०.२०.१.०/२४. गेटवे ते इंटरनेट या तुकड्यांना २०३.०.११३.०/२४ आणि १९८.५१.१००.०/२४ द्या. हे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे खऱ्या कुणाशी टक्कर होत नाही. दोन्ही गेटवेंवर स्ट्राँगस्वान (लिनक्सवरचं आयपीसेकचं सॉफ्टवेअर) बसवा.

मधल्या मशीनला दोन्ही लॅनचे रूट मुद्दाम देऊ नका. टनल नसताना पीसी ते पीसी पिंग गेलाच नाही पाहिजे. पुष्कळ लॅबमध्ये तो आधीपासूनच जात असतो. मग मुलं टनल करतात, पिंग जातो, टाळ्या वाजतात, आणि पॅकेट टनलमधून गेलंच नव्हतं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मधल्या मशीनवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून ठेवा. तिथे १०.१०.१.x हा पत्ता उघडा दिसला तर टनल वापरला जात नाहीये. फक्त ईएसपी (आयपीसेकची कुलूपबंद पॅकेट) दिसलं तर जातोय. दुसऱ्या दिवशी डावा गेटवे आणि मधलं मशीन यांच्यामध्ये नॅट (पॅकेटवरचा पत्ता वाटेत बदलणारी सोय) घाला आणि तोच टनल पुन्हा चालू करा. गेटवेंचं आपसातलं बोलणं (आयकेई हा प्रोटोकॉल) यूडीपी ५०० वर सुरू होऊन ४५०० वर उडी मारताना मुलांना स्क्रीनवर दिसेल. ‘नॅट ट्रॅव्हर्सल’ शिकवायला त्यानंतर वेगळी स्लाइड लागत नाही.

आता शिकवण्याबद्दल. पॅकेट ट्रेसर वाईट नाही, पण तिथली चूक फार सोज्वळ असते. सीसीएनए २००-३०१ या सिस्कोच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातही व्हीपीएनचं नुसतं वर्णन करता आलं की भागतं. आमचं मत असं, की टनल उभारण्यावर दोन तासांपेक्षा जास्त घालवू नका. उरलेला वेळ चालता टनल मोडण्यात घालवा. जोड्या करा. एकाने दुसऱ्याच्या गेटवेवर एकच बिघाड करायचा, दुसऱ्याने कॉन्फिगरेशनची फाइल न उघडता, निव्वळ लॉग आणि काउंटर बघून, बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते कागदावर लिहायचं. मगच फाइल उघडायची. फाइल आधी उघडू दिली की दोन्ही बाजू शेजारी ठेवून फरक शोधला जातो. नोकरीत समोरची बाजू बहुधा दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात असते, तिची फाइल कुणी दाखवत नाही.

सुरुवातीचे चार बिघाड हे ठेवा. समोरचा यूडीपी ५०० बंद करा : स्ट्राँगस्वान पाच वेळा पुन्हा पाठवून साधारण १६५ सेकंदांनी हात टेकतो, लॉगमध्ये नुसते ‘रिट्रान्समिट’ दिसतात. एका बाजूला डीएच (किल्ली ठरवण्याची डिफी-हेलमन पद्धत) गट १४, दुसरीकडे १९ ठेवा : ‘नो प्रपोजल चोझन’. प्रीशेअर्ड कीमध्ये, म्हणजे दोन्हीकडे आधी ठरवलेल्या गुप्त शब्दात, एक अक्षर बदला : आयकेईव्ही२ सरळ ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणतो. हाच बिघाड आयकेईव्ही१ वर करून बघा. तिथे की चुकली की समोरच्याला पॅकेट उलगडताच येत नाही, म्हणून लॉग ‘मालफॉर्म्ड पेलोड’सारखं काहीतरी बोलतो आणि पोरं तासभर भलतीकडेच शोधत बसतात. चौथा बिघाड सबनेटचा : दोन्हीकडचे ट्रॅफिक सिलेक्टर (टनलमधून कुठले पत्ते जायचे ते सांगणारे) अजिबात जुळले नाहीत तर ‘टीएस अनअॅक्सेप्टेबल’. पण एकाने /१६ आणि दुसऱ्याने /२४ लिहिलं तर आयकेईव्ही२ लहान तुकड्यावर तडजोड करतो. टनल अप दिसतो आणि फक्त काही मशिन्स पोचत नाहीत. हा बिघाड वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलासाठी राखून ठेवा.

प्रश्न : टनल अप आहे, दोन्ही फेज (पहिली गेटवेंच्या ओळखीची, दुसरी डेटाच्या टनलची) हिरव्या आहेत. पण राउटरवरून पलीकडच्या सर्व्हरला पिंग केला तर टाइम्ड आउट. (सपोर्ट इंजिनिअर, पिंपरी)

आधी पिंग कुठून निघतोय ते बघा. राउटरवर नुसता पिंग दिला की तो वॅनचा पत्ता घेऊन निघतो. तुमच्या टनलची बोलणी लॅन ते लॅन अशी झाली आहेत, त्यात वॅनचा पत्ता बसत नाही, म्हणून ते पॅकेट टनलकडे वळतच नाही. सोर्स म्हणून लॅन इंटरफेस द्या, किंवा सरळ लॅनवरच्या पीसीवरून पिंग करा.

तरीही गेला नाही तर काउंटर बघा : सिस्कोवर ‘शो क्रिप्टो आयपीसेक एसए’, लिनक्सवर ‘आयपी -एस एक्सएफआरएम स्टेट’. आपल्याकडचा एन्कॅप्स (टनलमध्ये शिरलेली पॅकेट) शून्यावरच असेल तर पॅकेट टनलमध्ये शिरतच नाही. दहातल्या बहुतेक वेळा कारण नॅट असतं. इंटरनेटसाठी लावलेला मास्करेडचा नियम आधी चालतो, सोर्सचा पत्ता बदलतो आणि मग ते पॅकेट टनलच्या सिलेक्टरमध्ये बसत नाही. टनलच्या ट्रॅफिकला नॅटमधून वगळणारा नियम मास्करेडच्या वर असला पाहिजे. खाली असला तर तो नसल्यातच जमा.

एन्कॅप्स वाढतोय पण डिकॅप्स (टनलमधून आलेली पॅकेट) शून्य असेल तर आपलं काम झालंय, परतीचं काही येत नाहीये. समोरच्याला त्याचा डिकॅप्स विचारा. त्याच्याकडेही शून्य असेल तर वाटेत ईएसपी अडतंय. ईएसपी हा ५० क्रमांकाचा वेगळा प्रोटोकॉल आहे, त्याला पोर्ट नसतो. काही मोडेम आणि फायरवॉल यूडीपी ५०० सोडतात आणि हे गिळतात. स्ट्राँगस्वानमध्ये ‘एन्कॅप’ला ‘येस’ केलं की नॅट नसतानाही सगळं यूडीपी ४५०० मधून जातं. समोरचा डिकॅप्स वाढत असेल तर मात्र दोष त्याच्या आतल्या बाजूला : सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे दुसराच असतो, किंवा विंडोजचं फायरवॉल परक्या सबनेटच्या पिंगला उत्तर देत नाही.

प्रश्न : टनल चालू केल्यावर तासाभराने पडतो. रीस्टार्ट केला की पुन्हा तासभर उत्तम. आयएसपी म्हणतो लाइन ठीक आहे. (नेटवर्क अॅडमिन, ठाणे)

आयएसपी या वेळी बहुधा खरं बोलतोय. घड्याळ लावून पडणाऱ्या टनलचा संशय आधी लाइनवर नाही, रीकीवर (ठरावीक वेळाने किल्ल्या बदलण्यावर) घ्या. तुम्ही आयकेईव्ही२ वापरत असाल तर पीएफएसचे (रीकीच्या वेळी नव्याने डीएच करण्याचे) गट दोन्हीकडे जुळतात का ते तपासा.

हा बिघाड तासभर लपून कसा राहतो ते समजून घेण्यासारखं आहे. आयकेईव्ही२ मध्ये पहिला चाइल्ड एसए (डेटा वाहणारी जोडणी, म्हणजेच फेज २) ऑथेंटिकेशनच्या देवाणघेवाणीतच जन्माला येतो आणि त्याच्या किल्ल्या आयकेईच्याच सामग्रीतून काढल्या जातात. तिथे वेगळा डीएच होत नाही, म्हणून फेज २ मधला पीएफएसचा गट त्या वेळी तपासलाच जात नाही. एकीकडे गट १४ आणि दुसरीकडे २० असला तरी टनल दिमाखात उभा राहतो. किल्ली बदलायची वेळ आली की पहिल्यांदा डीएचचं नाव निघतं आणि ‘नो प्रपोजल चोझन’ येतं. स्ट्राँगस्वानमध्ये चाइल्ड एसएचा रीकी मुळात १ तासाचा आणि अखेरची मुदत त्याहून १० टक्के जास्त, म्हणजे ६६ मिनिटांची. रीकी जमलाच नाही तर टनल ६६व्या मिनिटाला मरतो. आयकेई मात्र जिवंत असतो. म्हणून मॉनिटरवर कधी कधी अर्धं हिरवं दिसतं आणि त्याच आयकेईवर नवा चाइल्ड मागितला तरी मिळत नाही. पूर्ण रीस्टार्ट केला की पुन्हा पहिल्या चाइल्डची सवलत मिळते. सिस्कोवरही आयपीसेकची मुदत मुळात ३६०० सेकंद असल्यामुळे तिथेही साधारण हेच चित्र दिसतं.

खात्री करायला तास थांबू नका. टनल चालू असताना ‘स्वानसीटीएल --रीकी --चाइल्ड’ आणि पुढे चाइल्डचं नाव द्या. बिघाड हाच असेल तर लॉगमध्ये लगेच दिसेल. नवा टनल दुसऱ्या कंपनीकडे सोपवण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी एकदा रीकी करून बघण्याची सवय प्रशिक्षणातच लावावी.

प्रश्न : शाखेतून पिंग जातो, लॉगिनचं पान उघडतं, पण अहवाल उघडला की स्क्रीन नुसता फिरत राहतो. (अकाउंट्स सॉफ्टवेअर बघणारे, इचलकरंजी)

लहान पॅकेट जातंय, मोठं अडतंय. फायबरची जोडणी पीपीपीओई असेल तर १५०० ऐवजी १४९२ बाइटच हाताशी असतात. त्यावर आयपीसेकचं ओझं : एईएस-सीबीसी हे एन्क्रिप्शन, शा-२५६ ही पडताळणी आणि नॅट ट्रॅव्हर्सल धरून जास्तीत जास्त ८५ बाइट. उरले १४०७. पूर्ण आकाराचं पॅकेट यात बसत नाही. गेटवे ‘तुकडे करावे लागतील’ असा आयसीएमपी निरोप परत पाठवतो, पण कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळा आयसीएमपी बंद केलेला असतो, आणि सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

विंडोजवर ‘पिंग -एफ -एल १४७२’ द्या. हे २८ बाइटच्या हेडरसह बरोबर १५०० होतं आणि बहुधा अडतं. मग १३७२ द्या, म्हणजे एकूण १४००. हे गेलं तर निदान पक्कं. उपाय : दोन्ही गेटवेंवर टीसीपी एमएसएस (एका पॅकेटातल्या डेटाची कमाल मर्यादा) १३६० ला बांधा. १४०० मधून आयपी आणि टीसीपीचे ४० वजा. नियम फक्त जोडणी सुरू करणाऱ्या सिन पॅकेटवर लागतो, म्हणून जुनी जोडणी तोडून सॉफ्टवेअर पुन्हा उघडा, नाहीतर ‘काही फरक पडला नाही’ असं वाटेल. यूडीपीवर चालणाऱ्या गोष्टींना याचा उपयोग नाही; तिथे टनलचा एमटीयूच (पूर्ण पॅकेटचा कमाल आकार) १४०० करावा लागतो. प्रत्येक पीसीचा एमटीयू बदलत फिरण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर तो ऐकू नका.

प्रश्न : दोन्ही दुकानांत साधं ब्रॉडबँड आहे. टनल लागतच नाही. (सातारा)

राउटरच्या वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तुम्ही आयएसपीच्या सामाईक नॅटमागे आहात आणि बाहेरून कुणीही तुमचं दार ठोठावू शकत नाही. दोन्ही दुकानं तशीच असतील तर आयपीसेक एकमेकांना सापडणार नाही. एका ठिकाणी स्टॅटिक आयपी घ्या. दुसऱ्या दुकानाने नेहमी सुरुवात करायची, पहिल्याने फक्त उत्तर द्यायचं. ओळख म्हणून आयपी पत्ता नको, नाव ठेवा. स्टॅटिक कुठेच मिळत नसेल तर भाड्याचा छोटा क्लाउड सर्व्हर मध्ये घालून दोघांनी त्याला जोडायचं. आणि जाता जाता : दोन्ही दुकानांत १९२.१६८.१.०/२४ असेल तर आजच एकाचा सबनेट बदला.

प्रश्न : शेतावरच्या पंपघरात रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड (आयपीसेकऐवजी वापरायचं व्हीपीएन) आहे. वीज जाऊन आली की टनल कधी पाच मिनिटांनी लागतो, कधी पाऊण तासाने. सगळं ट्रॅफिक टनलमधूनच जातं. (बारामती)

पायचं घड्याळ मागे पडतंय. वायरगार्डच्या पहिल्या निरोपात वेळेचा शिक्का असतो आणि आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का सर्व्हर मुकाट्याने टाकून देतो, जुनं पॅकेट कुणी पुन्हा पाठवू नये म्हणून. पायच्या जुन्या मॉडेलमध्ये बॅटरीचं घड्याळ नाही. ‘फेक-एचडब्ल्यूक्लॉक’ तासातून एकदा वेळ लिहून ठेवतो आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे मोजतो. वेळ दुरुस्त करायला एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) हवा, एनटीपीला टनल हवा, आणि टनलला बरोबर वेळ हवी. मग घड्याळ स्वतःच्या चालीने जुन्या शिक्क्याच्या पुढे जाईपर्यंत वाट बघणं आलं. शेवटची वेळ लिहून ठेवल्यापासून वीज जाईपर्यंत जेवढा वेळ गेला, जवळपास तेवढीच ही वाट. म्हणून कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास.

डीएस३२३१ चं घड्याळ मॉड्यूल नाणेसेलसह लावा, किंवा एनटीपी सर्व्हरचा पत्ता टनलबाहेरून जाऊ द्या. तो नावाने नाही, आकड्यात लिहा, कारण डीएनएससुद्धा टनलमधून जातंय. तातडी असेल तर सर्व्हरवर तो पीअर काढून पुन्हा घाला, आठवणीतला शिक्का पुसला जातो. ‘डब्ल्यूजी शो’मध्ये चुकीचा संदेश शोधू नका. वायरगार्ड रुसला तरी बोलत नाही; ‘लेटेस्ट हँडशेक’ची ओळ किती जुनी आहे एवढंच बघायचं.

प्रश्न : सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या नियमानुसार आमच्या कंपनीच्या व्हीपीएनचे तपशील पाच वर्षं ठेवावे लागतील का? (पुणे)

२८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतली ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवण्याची अट लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहे. कंपनीने आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी चालवलेला व्हीपीएन त्यात येत नाही, असा खुलासा सर्ट-इननेच नंतर केला. लॉग १८० दिवस ठेवणं, सायबर घटना सहा तासांत कळवणं आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवणं मात्र तुम्हालाही लागू आहे. गेटवेवर लॉग किती दिवस टिकतात ते आजच बघा. बऱ्याच छोट्या बॉक्समध्ये ते रीबूटनंतर उरतच नाहीत, त्यासाठी सिसलॉग वेगळ्या मशीनवर पाठवावा लागतो.