कोरणे, खोदणे की ठोकणे? धातूवरच्या नक्षीचे शब्द

प्रश्न असा : बंदुकीच्या पोलादावर हाताने केलेल्या एन्ग्रेव्हिंगला मराठीत कोरणे म्हणावे, खोदणे म्हणावे, की हल्ली दिसणारे 'उकेरणे' वापरावे?

कोरणे. या क्रियापदात हत्याराची चालच आहे. कानकोरणे, दातकोरणे या शब्दांत बारीक टोक आत घालून थोडेथोडे बाहेर काढणे आहे, आणि ग्रेव्हर, म्हणजे धातू कोरण्याचे टोकदार हत्यार, पोलादावर नेमके तेच करतो. तो रेघ ओढत नाही, धातूचा कीस उचलून बाहेर टाकतो. संस्कृत 'उत्कीर्ण'मध्येही 'वर उडवलेले' हाच अर्थ आहे. ताम्रपटाविषयी लिहिताना तो शब्द शोभतो, कारागिराच्या हातातल्या कामाला जड होतो. 'उकेरणे' हिंदीतून आले आहे आणि आपल्याकडे 'कोरणे' असताना त्याची गरज नाही.

कोरण्याची क्रिया समजली की शब्द आपोआप नेमका येतो. पोलादावर साधारणपणे १२० अंशांचा व्ही-आकाराचा ग्रेव्हर चालतो. त्याचे तोंड ४५ ते ५० अंशांत घासतात आणि टोकाखाली १५ ते २० अंशांची अगदी छोटी टाच देतात. या टाचेमुळेच टोक धातूत रुतून न बसता पुढे सरकते. टाच लांब राहिली तर वळणावर तिची कड घासते आणि रेघेच्या बाहेरच्या बाजूला ओरखडा उमटतो. हात फार खाली गेला तर टोक निसटते, वर गेला तर खोल घुसून मोडते. वळण घेताना हत्यार फिरवत नाहीत, गोल शिकंज्यात धरलेली वस्तू फिरवतात. अंगठा वस्तूवर टेकवून ठेवावा, निसटलेले टोक तोच थांबवतो.

इटलीत गार्दोने व्हाल त्रोम्पिया इथल्या शिकारी बंदुकांवर दिसणाऱ्या 'बुलिनो' शैलीत हातोडी नसते, फक्त हाताचा दाब. सूक्ष्म ठिपके आणि रेघा यांतून पक्ष्याच्या पिसांची छटा उभी राहते. बुलिनो म्हणजे मुळात ग्रेव्हरच. हत्याराचे नाव शैलीला चिकटले. हे काम इतके उथळ असते की हाताळून झिजते. त्याला 'खोदकाम' म्हणणे अगदीच चुकीचे वाटते.

मग 'खोदणे' कुठे? वेलबुट्टीच्या मधली जमीन सपाट ग्रेव्हरने खाली घेतात, म्हणजे पाने वर उठून दिसतात. तिथे 'जमीन खोदली' हेच बरोबर. मागून ठोकून पत्रा फुगवला असेल तर ते उठावाचे काम. देवाचे टाक या जातीचे : ठशावर पत्रा बसवून उमटवलेले, कोरलेले नव्हे. टाकी, म्हणजे छिन्नी, मात्र दगडाच्या कामाची, तिला पोलादाच्या नक्षीत आणू नये.

एक व्यावहारिक गोष्ट. बंदुकीचे भाग कठीण करण्याआधी कोरतात, पाणी नंतर देतात. कठीण झालेल्या पृष्ठभागावर ग्रेव्हरचे टोक तुटते. जुना भाग कोरायचा तर आधी तापवून मऊ करावा लागतो, आणि पुन्हा पाणी देताना तो वाकण्याचा धोका असतो. पाणी देणे, म्हणजे लोहारी भाषेत तापवून विझवणे, हा शब्दही जपण्यासारखा आहे.

शेवटी 'ठोकणे'. ठशाने दाबलेल्या बंदुकीच्या क्रमांकात धातू बाहेर येत नाही, खाली दाबला जातो. म्हणून अंक घासून टाकले तरी त्यांच्या खालचा ताणलेला थर उरतो आणि आम्ल लावल्यावर तपासनिसाला अंक पुन्हा दिसू शकतात. ग्रेव्हरने कोरलेल्या अंकाखाली हा थर फारच पातळ असतो, त्यामुळे तो अंक परत मिळवणे अवघड. तेव्हा पंचनाम्यात 'क्रमांक कोरलेला' आणि 'क्रमांक ठोकलेला' यांतला फरक पाळायलाच हवा.