आधी फळी स्कॅन करा, पुस्तकांची माहिती नंतर आणा

चार खोल्यांतील कपाटांत मिळून साडेतीन ते चार हजार पुस्तके आहेत, त्यांची सूची बारकोड स्कॅनरच्या साहाय्याने करायची आहे, तर कोणता स्कॅनर घ्यावा आणि कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये थेट स्कॅन करत जावे, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे माझे उत्तर असे की, थेट कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन करू नये. आधी केवळ क्रमांक आणि जागा यांची यादी करावी आणि पुस्तकांची माहिती आणण्याचे काम पूर्णपणे वेगळे ठेवावे.

यूएसबीने जोडला जाणारा साधा स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो. तो मलपृष्ठावरचा बारकोड वाचून १३ अंक उमटवतो आणि बहुतेक वेळा शेवटी एंटरही देतो, त्यामुळे अंक स्वीकारणाऱ्या कोणत्याही खिडकीत तो चालतो. लेझर स्कॅनर रेघांचे बारकोड झटपट वाचतो, पण क्यूआर कोड वाचू शकत नाही. कॅमेऱ्याच्या तत्त्वावरचा इमेजर दोन्ही वाचतो. पुस्तकांसाठी दोन्हींपैकी कोणताही पुरेसा आहे. चकचकीत लॅमिनेशनवरून प्रकाश परत येऊन वाचन अडते, तेव्हा स्कॅनर किंचित तिरका धरावा. फोनचा कॅमेरा शे-दोनशे पुस्तकांना पुरतो. त्यापलीकडे प्रत्येक वेळी फोकस जमण्याची वाट पाहण्यातच माणूस थकतो.

आता थेट स्कॅन का करू नये, ते सांगतो. स्कॅनरचा बीप ही बारकोड वाचला गेल्याची खूण आहे, संगणकाने नोंद स्वीकारल्याची नव्हे. सॉफ्टवेअर एखाद्या पुस्तकाची माहिती इंटरनेटवरून आणण्यात गुंतले असेल, किंवा ‘नोंद सापडली नाही’ अशी चौकट मध्येच उघडून कर्सर हलला असेल, तर पुढच्या कित्येक पुस्तकांचे क्रमांक कोठेच उमटत नाहीत, आणि आपण मात्र पाठ वळवून बीप ऐकत पुस्तके फळीवर परत ठेवत असतो. साध्या स्प्रेडशीटमध्ये हा धोका फारच कमी राहतो. त्यातही क्रमांकाचा स्तंभ आधीच ‘मजकूर’ या प्रकारचा करून ठेवावा. तसे न केल्यास १३ अंकी क्रमांक ९.७८ई+१२ अशा रूपात दिसू लागतात आणि जुन्या १० अंकी क्रमांकांच्या सुरुवातीचे शून्य गळून पडते.

प्रत्येक फळीसाठी खोली, कपाट आणि फळी दर्शवणारा एक संकेत ठरवून त्याचा कोड १२८ पद्धतीचा (अक्षरे आणि अंक दोन्ही सामावणारा रेघांचा) बारकोड कागदावर छापून घ्यावा. फळी सुरू करताना तो आधी स्कॅन करावा; पुढचा फळी-संकेत येईपर्यंतच्या सगळ्या ओळी त्या फळीच्या, हे मग एका सूत्राने भरून घेता येते. याच पद्धतीने ‘बारकोड नाही’ या अर्थाचा आणखी एक संकेत छापून हाताशी ठेवावा आणि ज्या पुस्तकाला बारकोड नाही त्याच्या पाळीला तो स्कॅन करून पुस्तक आडवे ठेवावे. फळी संपली की पुस्तके मोजावीत आणि ओळींशी ताडून पाहावीत. हा ताळा कंटाळवाणा वाटतो, पण चूक सापडण्याची सर्वात स्वस्त जागा हीच आहे.

यादी झाली की क्रमांक चाळावेत. आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांकाचा, बारकोड ९७८ किंवा ९७९ ने सुरू होतो. २ ने सुरू होणारा क्रमांक बहुधा विक्रेत्याच्या स्वतःच्या चिकटपट्टीचा असतो, ९७७ नियतकालिकाचा आणि ९७९-० छापील संगीतलिपीचा. जुन्या अमेरिकी कागदी बांधणीच्या पुस्तकांवर बाहेर दुकानासाठीचा वेगळाच बारकोड असतो आणि आयएसबीएनचा बारकोड कित्येकदा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला सापडतो. बारकोडशेजारच्या पाच अंकी लहान पट्टीत सहसा किंमत असते. स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेतील संबंधित संकेत स्कॅन करून ती वाचणे बंद करता येते.

आयएसबीएन १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी झाला. त्यापूर्वीच्या १० अंकी क्रमांकाच्या सुरुवातीला नुसते ९७८ लावून भागत नाही, कारण शेवटचा तपासणी अंक (चूक ओळखता यावी म्हणून बाकीच्या अंकांवरून काढलेला) नव्याने काढावा लागतो: ०३०६४०६१५२ चे रूपांतर ९७८०३०६४०६१५७ असे होते. जुन्या क्रमांकाच्या शेवटी कधी कधी एक्स हे अक्षर येते. ते १० या मूल्याचे चिन्ह आहे, छपाईतील चूक नव्हे. क्रमांक हाताने घालताना हे लक्षात ठेवावे की १३ अंकी पद्धतीत एक अंक चुकला तर तपासणी अंक तो पकडतोच, पण शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आणि त्यांच्यात पाचचा फरक असला, उदाहरणार्थ १ आणि ६, तर चूक निसटते. जुन्या १० अंकी पद्धतीत अशी अदलाबदलही पकडली जात असे, ही गंमतच म्हणायची.

मग माहिती आणावी. लायब्ररीथिंग या पुस्तकसूचीच्या संकेतस्थळावर आयएसबीएनची संपूर्ण यादी एकदम देता येते आणि माहिती कोणत्या ग्रंथालयाकडून घ्यायची तेही ठरवता येते. इंटरनेट अर्काइव्हची ओपन लायब्ररी ही ऑनलाइन पुस्तकसूचीही उपयोगी पडते. कोहा ही खऱ्या ग्रंथालयांसाठीची प्रणाली आहे, घरासाठी तिचा पसारा नको. ऑनलाइन विक्रेत्यांपेक्षा ग्रंथालयांच्या नोंदी मला अधिक विश्वासार्ह वाटतात, विशेषतः लेखकाचे नाव एकसारखे लिहिण्याच्या बाबतीत. रोमनेतर लिपीतील पुस्तकांची शीर्षके मात्र पुष्कळदा रोमन लिप्यंतरात येतात. वर्णानुक्रम कोणत्या लिपीत लावायचा हे एकदाच ठरवून त्या नोंदी दुरुस्त कराव्यात.

आयएसबीएन विशिष्ट आवृत्तीला आणि बांधणीला दिला जातो, आपल्या हातातील प्रतीला नाही. पुनर्मुद्रणाचा क्रमांक सहसा तोच राहतो, म्हणून आलेले प्रकाशनवर्ष आपल्या प्रतीवरील वर्षाशी जुळेलच असे नाही. काही प्रकाशकांनी एकच क्रमांक दोन पुस्तकांना दिल्याचेही आढळते. प्रत्येक शीर्षकावरून एकदा नजर फिरवणे त्यामुळे टाळता येत नाही.

आडवी ठेवलेली पुस्तके शेवटी घ्यावीत. त्यांतील काहींच्या शीर्षकपृष्ठामागे छापील आयएसबीएन असतो, तो हाताने घालावा. तोही नसेल, आणि १९७० पूर्वीच्या बहुतेक पुस्तकांवर तो नसतोच, तर शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि वर्ष शीर्षकपृष्ठ व त्याची मागची बाजू पाहून लिहावे, स्वतःचा दाखल क्रमांक द्यावा आणि तो आतल्या पानावर मऊ पेन्सिलीने टिपावा. चिकटपट्टीचा गोंद कालांतराने कागदावर डाग पाडतो.